परीक्षेच्या दारातून आलेली समज

मंडळी, चेण्यात व्याख्यान आणि विषय न्यूरोडायव्हर्जंट माणसांचा, म्हटल्यावर पहिली शंका येते ती शब्दाचीच. शब्द नवा आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या ज्युडी सिंगर यांच्या लिखाणातून 'न्यूरोडायव्हर्सिटी' ही कल्पना पुढे आली. म्हणजे काय, तर सगळ्यांच्या मेंदूची घडण एकसारखी नसते. स्वमग्नता, डिस्लेक्सिया, एडीएचडी ही त्या वेगळेपणाची काही रूपं. शब्द नवा, माणसं मात्र जुनीच. आज आपण बघणार आहोत ते एवढंच, की महाराष्ट्रात या माणसांची नोंद कुणी, कोणत्या वहीत आणि कोणत्या नावाने केली. कारण नाव जसं पडलं, तशी मदत मिळाली.

सुरुवात मराठी गद्याच्या सुरुवातीपासूनच करू. तेराव्या शतकात विदर्भातल्या ऋद्धिपुरात गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ राहत होते. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी लिहून ठेवल्या. कुणाच्याही घरात शिरावं, दिसेल ते खावं, पोरांत खेळावं, आपल्याशीच बोलावं-हसावं, असं त्यांचं वागणं. लोक त्यांना वेडं म्हणत, आणि आईबापही मानत. महानुभावांसाठी ते परमेश्वराचे अवतार आहेत. त्यांना आजचं निदान चिकटवणं हा उद्धटपणा होईल, तो आम्ही करत नाही. आपण बघायचं ते गावाकडे. रीत सोडून वागणाऱ्या माणसाला त्या गावात जागा होती.

पण जुनं गाव फार दयाळू होतं, असं लगेच समजू नका. 'खुळा', 'अर्धवट', 'वेडसर' ही नावंही गावानेच दिली. ज्याच्यामागे भक्त नव्हते, त्याची लीळा कुणी लिहिली नाही.

मग इंग्रजांची वही आली. आपल्या जवळचं ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. १९१२च्या ल्युनसी कायद्याने 'वेडा' या शब्दाच्या व्याख्येतच जन्मतः मंदबुद्धी असलेला माणूसही घातला. आजारी कोण आणि वेगळा कोण, हा फरक कायद्याला नको होता. त्याला फक्त आत ठेवायचं की बाहेर, एवढं ठरवायचं होतं. हा फरक कायद्यात यायला १९८७चा मानसिक आरोग्य कायदा उजाडावा लागला. पाऊणशे वर्षं!

या पाऊणशे वर्षांत वेगळी वाट काढली ती संस्थांनी, आणि संस्थांहून जास्त आईबापांनी. चिल्ड्रन्स एड सोसायटीचं मानखुर्दचं मतिमंद मुलांचं गृह १९४१चं. १९४४ साली मुंबईत वकील दांपत्याने, स्वतःच्या मुलीला कुठलीच शाळा नव्हती म्हणून, शाळा काढली. ती आजची जय वकील शाळा. जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकात जो प्रश्न आहे, आपल्यानंतर या मुलाचं काय, तो याच आईबापांचा. आपल्याच जिल्ह्यात डोंबिवलीजवळ खोणीला पालकांच्या संघटनेने 'घरकुल' उभं केलं, तेही याच प्रश्नातून.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. इथपर्यंतची सगळी मदत ज्यांचं वेगळेपण सहज दिसतं त्यांच्यासाठी होती. बोलायला चुणचुणीत, हिशेबात पक्का, पण वाचायला घेतलं की अडखळणारा मुलगा कुठल्याच वहीत नव्हता. त्याला आपण 'आळशी' म्हणत होतो.

त्याची दखल घेतली गेली ती परीक्षेमुळे. १९९६ साली महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या, आणि असं औपचारिकपणे करणारं हे देशातलं पहिलं राज्य. जास्तीचा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. शीवच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी करून दाखला मिळू लागला. आमच्या मते गेल्या शतकातला मराठी शिक्षणातला हा एक मोठा निर्णय आहे, आणि त्यावर बोललं जातं ते फारच कमी.

पण दार इंग्रजी माध्यमाच्या बाजूने उघडलं. तपासणीच्या चाचण्या मुख्यतः इंग्रजीतल्या. २००७ साली 'तारे जमीं पर' आला, लोक रडले, आणि बऱ्याच जणांनी समजूत करून घेतली की हे इंग्रजी अक्षरांचं दुखणं आहे. अहो, देवनागरीची अडचण वेगळी असते! पहिली वेलांटी बघा. लिहिताना अक्षराच्या आधी, उच्चारताना नंतर. वर मात्रा, खाली उकार, त्यात जोडाक्षरं, रफार. मुलाची नजर ओळीत पुढेही जायला हवी आणि वरखालीही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी तयार केली, तिच्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे. ती आली २०१५च्या सुमाराला. म्हणजे सवलत १९९६ची, आणि आपल्या लिपीतली अशी चाचणी जवळपास वीस वर्षांनी.

कायदाही सावकाश चालला. १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती, डिस्लेक्सिया नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता घेतली. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले, त्यात अध्ययन अक्षमताही आली. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. त्यासाठी दाखल्यावर किमान ४० टक्के हवेत. त्याच कायद्यात सरकारी आस्थापनांनी कर्मचाऱ्यासाठी वाजवी सोय करावी असंही आहे, आणि समान संधीचं धोरण तर खासगी आस्थापनांनाही करायला सांगितलंय.

ही 'वाजवी सोय' आपल्याला अजून परीक्षेसारखीच वाटते. अर्धा तास जास्त दिला की झालं! कामावर तसं नसतं. स्वमग्न माणसाला सकाळी चार कामं तोंडी सांगून चालत नाही, ती लिहून द्यावी लागतात. डिस्लेक्सिया असलेल्याला उलट: लांबलचक परिपत्रक देऊ नका, बोलून सांगा. एडीएचडी असलेल्याला 'महिनाअखेरीस द्या' यापेक्षा मधले दोन टप्पे ठरवून दिलेले बरे. आणि आपल्याकडे तर घोडबंदर रस्ता आहे. बस कधी पोचेल ते कुणालाच ठाऊक नसतं. पण ज्याचा दिवस ठरल्या वेळेवर उभा असतो, तो त्या कोंडीतून ऑफिसात पोचतो तेव्हाच थकलेला असतो. त्याला दारातच 'उशीर का?' असं सगळ्यांसमोर विचारलं, की पुढचा दिवस गेला. वेळ थोडी मागेपुढे करायला साहेबाला पैसा लागत नाही.

१९९६च्या आसपास दहावीला बसलेली मुलं आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. सवलत मिळालेल्यांचा दाखला परीक्षेपुरता होता. ज्यांना तोही मिळाला नाही, ती आपल्या आजूबाजूला दुकान चालवतात, रिक्षा चालवतात, हॉटेलात काम करतात, आणि फॉर्म भरायची वेळ आली की 'चष्मा विसरलो' म्हणतात.

इथून दाखल्यासाठी शीवला जायचं, तर आधी ठाण्याची बस, मग लोकल, आणि एका खेपेत काम होईल असं धरू नका. बुद्ध्यांक चाचणी वेगळी, शैक्षणिक चाचणी वेगळी. जाताना शाळेचा अहवाल न्या. मुलाच्या जुन्या वह्याही न्या, लाल शेऱ्यांनी भरलेल्या असल्या तरी. तपासणारे त्या उघडून बघतात. रद्दीवाल्याला देऊ नका.