परतीचे वचन : इशिगुरो यांची पहिली कादंबरी

१९६० मध्ये पाच वर्षांचे काझुओ इशिगुरो आईवडिलांसोबत नागासाकीहून इंग्लंडला आले. समुद्रशास्त्रज्ञ वडिलांचे तेथील वास्तव्य तात्पुरते आहे, लवकरच परतायचे आहे, असे घरात गृहीत होते. प्रत्यक्षात इशिगुरो यांनी जपान पुन्हा पाहिले ते १९८९ मध्ये. तत्पूर्वी, १९८२ मध्ये, 'अ पेल व्ह्यू ऑफ हिल्स' ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली होती.

त्यांच्या आई ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बमधून वाचलेल्या. तरीही कादंबरीत त्या स्फोटाचे वर्णन नाही. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एत्सुकोला आठवतो तो कोरियन युद्धाच्या काळातील नागासाकीचा एक उन्हाळा, आणि अमेरिकेला जाऊ पाहणारी शेजारीण साचिको. साचिकोच्या लहानग्या मारिकोला देश सोडायचा नाही. एत्सुकोच्या स्वतःच्या मुलीने, केइकोने, इंग्लंडमध्ये आत्महत्या केली आहे; तिच्याविषयी मात्र एत्सुको फारसे बोलत नाही.

शेवटाकडे एत्सुको त्या मुलीची समजूत घालते : तिकडे नाही आवडले, तर परत येऊ. इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचन येथे वाचकाला थबकवते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांतून निवड करावी लागते. येथे 'आपण'च योग्य. तो शब्द योजताच सांगणारीही जाणाऱ्यांत सामील होते. ही गोष्ट शेजारणीचीच आहे का, अशी शंका येऊ लागते.

आमच्या मते, या कादंबरीतील युद्धस्मृतीचे मर्म येथेच आहे. युद्धातून वाचलेल्या आईला न पाळलेल्या वचनाची कबुली स्वतःच्या नावाने देता येत नाही. म्हणून ती शेजारणीची गोष्ट सांगते.