अठराव्या सुनीताची जागा

शेक्सपिअरचे एखादेच सुनीत ज्याला ठाऊक असते, त्याला बहुधा अठरावे ठाऊक असते. त्यात प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्याच्या दिवसाशी केली आहे. वैशाखाच्या उकाड्यात येथे जमलेल्या आपल्याला ही स्तुती चमत्कारिक वाटेल. परंतु इंग्लंडात उन्हाळा हा चार दिवसांचा पाहुणा. तो हवाहवासा वाटतो न वाटतो तोच निघून जातो. कवीची तक्रार हीच आहे.

हे सुनीत सुटे वाचले म्हणजे ते एखाद्या युवतीला लिहिले असावे, असे आपण गृहीत धरतो. कवितेत तसा उल्लेख कोठेही नाही. 1609 साली टॉमस थॉर्प या प्रकाशकाने शेक्सपिअरची 154 सुनीते छापली. त्यांतील पहिल्या सतरांत कवी एका देखण्या तरुणाला विनवतो की, विवाह कर, म्हणजे तुझे रूप अपत्यात उरेल. पंधराव्यात आपले काव्यही त्याला जपेल, अशी आशा डोकावते. सोळाव्यात कवी स्वतःच तिला दुर्बळ ठरवतो. सतराव्यात अपत्य आणि काव्य दोन्ही हवीत, असे म्हणतो. आणि अठराव्यात अपत्याचे नावही नाही! काळाशी झुंजायला एकटे काव्य उभे राहते. एकोणिसाव्यात तर ते काळालाच आव्हान देते. म्हणजे ज्याला आपण नुसते प्रेमगीत समजतो, ते एका लांबलेल्या वादाचा निकाल आहे.

हा क्रम पुढे मोडला गेला. शेक्सपिअर 1616 मध्ये वारला. 1640 मध्ये जॉन बेन्सनने सुनीतांची उलथापालथ केली, कित्येक एकत्र जोडून त्यांवर मथळे चढवले आणि काही ठिकाणी पुरुषवाचक शब्दांच्या जागी स्त्रीवाचक शब्द घातले. त्याने आठ सुनीते गाळली. त्यांत हे अठरावेही होते. अठराव्या शतकातील बऱ्याच आवृत्त्यांनी त्याचाच पाठ उचलला. 1780 साली एडमंड मॅलोनने 1609 चा क्रम पुन्हा प्रतिष्ठित केला, तेव्हा हा धागा वाचकांच्या हाती आला.

हा क्रम खुद्द कवीनेच लावला काय, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. तो तरुण कोण, याचाही निर्णय लागलेला नाही. पण वाचकाचे कर्तव्य त्यामुळे चुकत नाही. केशवसुतांनी हा चौदा ओळींचा प्रकार मराठीत आणला, तेव्हापासून आपण सुनीत सुटेच वाचत आलो. मालेतले सुनीत मात्र शेजाऱ्यांसह वाचावे. अमरत्वाचे वचन ज्या कवितेने दिले, तीच दीर्घकाळ अनेक पुस्तकांतून बेपत्ता होती. ती आपल्यापर्यंत पोचली, ती कोणा एका संपादकाने जुनी प्रत पुढे ठेवून चिकाटीने काम केले म्हणून. कवीने काव्यावर भरवसा टाकला. त्याचा अर्धा भार अशा माणसांनी वाहिला आहे.