सायकलवरचा फुकट नकाशा, हिंगणघाटची कबर आणि आपल्या गावची पाणंद

पोस्ट लांब आहे. रविवारी सकाळी पोरं सायकलवर गेली की चहा घेऊन निवांत वाचा.

शाळेच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्यातले बरेच जण मुलांसाठी सायकलचं जीपीएस यंत्र घेतात. कोणी नवीन घेतं, कोणी सिंगापूर सोडून जाणाऱ्या शेजाऱ्याकडून जुनं. आमचं जुनं होतं, युरोपातून आलेलं. ब्लॉकखाली उभं राहून मुलाने ते सुरू केलं, तर पडद्यावर नुसता करडा रंग, दोन-तीन जाड रेघा आणि मध्ये आमचा छोटा त्रिकोण. तोआ पायोहचा एकही लोरोंग दिसेना. यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्याच्या पोटात नकाशा युरोपचा होता, एवढंच.

मग मी इंटरनेटवरून फुकटचा नकाशा उतरवला आणि यंत्रात टाकला. अर्ध्या तासात लोरोंग, बाजार, पूल, पार्क कनेक्टर, सगळं हजर! मुलगा म्हणाला, "आई, फुकट कसं काय? हे सगळं कोणी मोजलं?" प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधायला मला दोनशे वर्षं मागे जावं लागलं. आणि शेवटी ते आपल्याच मातीत सापडलं.

आधी घराजवळून सुरुवात करू. तोआ पायोह म्हणजे मोठी दलदल. 'तोआ' हा चिनी बोलीतला शब्द, मोठा या अर्थाचा, आणि 'पाया' हा मलय शब्द, दलदल या अर्थाचा. 1960 च्या दशकात एचडीबीने ही दलदल आणि मळे साफ करून इथे नवीन वस्ती उभी केली. पण त्याच्या कितीतरी आधी या बेटाची मोजणी झाली होती. तुम्ही रोज ज्या थॉमसन रोडने जाता, तो जॉन टर्नबुल थॉमसन या माणसाच्या नावाचा. 1841 ते 1853 या काळात तो सिंगापूरचा सरकारी सर्वेक्षक होता. पूर्वेच्या समुद्रातलं हॉर्सबर्ग दीपगृहही त्यानेच बांधलं, 1851 मध्ये. म्हणजे आपल्या शेजारचा हमरस्ताच एका मोजणीदाराच्या नावाने ओळखला जातो. मुलांना हे जरूर सांगा.

आता विदर्भात चला. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला एका इंग्रजाची कबर आहे. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन. 10 एप्रिल 1802 रोजी त्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी एक सरळ रेघ मोजायला घेतली. जेमतेम 12 किलोमीटरची रेघ, पण साखळीने काटेकोर मोजायला 57 दिवस लागले. पुढचं काम कोनांचं. मोजलेल्या रेघेच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या टेकडीचा कोन घ्यायचा, त्रिकोण पुरा करायचा, त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभा करायचा. कोन मोजायचं थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचं होतं. ते देवळाच्या गोपुरांवर, डोंगरमाथ्यांवर चढवत हे लोक कन्याकुमारीकडून उत्तरेकडे सरकत राहिले. नागपूरला जाताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला लॅम्बटन वारला. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. हो, शिखराला ज्याचं नाव आहे तोच.

या मोजणीतून नकाशे तर झालेच, शिवाय पृथ्वी नेमकी किती आणि कशी फुगीर आहे याचे आकडे मिळाले. 1830 चे 'एव्हरेस्ट लंबगोल' म्हणून ते ओळखले जातात. भारताचे जुने नकाशे त्यांच्यावर बेतलेले आहेतच, पण मलाया आणि सिंगापूरचे जुने नकाशेही त्याच लंबगोलाच्या थोड्या सुधारलेल्या आकड्यांवर उभे होते! म्हणजे विदर्भातून गेलेल्या मोजणीचा हिशोब आपल्या या बेटापर्यंत पोचला होता.

याचा सायकलीशी संबंध आहे बरं का. यंत्राच्या सेटिंगमध्ये 'डेटम' म्हणून एक नोंद असू शकते. तिथे 'डब्ल्यूजीएस 84' असायला हवं. जीपीएस पृथ्वीचा हा नवा आकार धरून चालतं. चुकून जुना डेटम निवडला गेला, तर यंत्र सांगेल ते आकडे आणि नव्या नकाशावरची जागा जुळणार नाही. बहुतेक सायकल-यंत्रांत हे आधीच बरोबर लावलेलं असतं, पण हात लावू नका म्हणून सांगितलं.

दुसरा तुकडा आकाशातला. लॅम्बटन कोन मोजत होता, आपलं यंत्र वेळ मोजतं. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरचे उपग्रह अणुघड्याळाची वेळ पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की ते किती उशिरा पोचले त्यावरून यंत्र आपली जागा काढतं. ही मूळची अमेरिकन सैन्याची सोय. 1 सप्टेंबर 1983 रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेलं कोरियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं, 269 माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेने जाहीर केलं की ही यंत्रणा नागरिकांनाही फुकट वापरता येईल. तरी नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असायची, जागा 100 मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची. मे 2000 च्या सुरुवातीला ती मिसळ बंद झाली आणि एका रात्रीत सामान्य माणसाचं यंत्र रस्ता ओळखण्याइतकं नेमकं झालं. त्याआधीच्या 100 मीटरच्या चुकीत आपले निदान दोन-तीन ब्लॉक बसले असते!

इथे एक कामाची गोष्ट. उंच ब्लॉकच्या भिंतींवरून संदेश आपटून येतात आणि यंत्र गोंधळतं. म्हणून व्हॉइड डेकमध्ये उभं राहून यंत्र सुरू करू नका. मोकळ्या मैदानात या, दोन मिनिटं थांबा, जागा पक्की झाली की मगच निघा. यंत्रात जीपीएसबरोबर दुसऱ्या देशांच्या उपग्रहांचा पर्याय असेल तर तोही चालू ठेवा.

तिसरा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा, तो म्हणजे नकाशा. जागा फुकट कळायला लागली, पण रस्त्यांची माहिती बंदच होती. भारतात तर पूर्वीपासून नकाशा म्हणजे सैन्याची आणि महसुलाची वस्तू. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना 1767 ची, पण किनाऱ्यापासून सुमारे 80 किलोमीटरच्या पट्ट्याचे तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला सहज मिळत नसत. जवळजवळ सगळं कोकण त्यात आलं. आपल्या आधीच्या पिढीतले कितीतरी जण हाताने काढलेल्या नकाशांवर आणि गावकऱ्यांना विचारत विचारत सह्याद्री फिरले. सरकारी धोरण मोठ्या प्रमाणावर सैल झालं ते अगदी अलीकडे, फेब्रुवारी 2021 मध्ये.

इंग्लंडमध्ये अडचण वेगळी होती. नकाशे उत्तम, पण त्यांची माहिती वापरायला पैसे मोजावे लागत. 2004 मध्ये लंडनला शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्टने ठरवलं, आपणच नकाशा काढू आणि सगळ्यांना देऊ. तो ओपनस्ट्रीटमॅप. सुरुवातीला वापरायला उपग्रहाची छायाचित्रंही नव्हती. लोक जीपीएस घेऊन चालत, सायकलवर, गल्लीबोळ फिरायचे, घरी येऊन उमटलेल्या रेघेवर रस्ता काढायचे आणि नाव लिहायचे. मे 2006 मध्ये अशी मंडळी आइल ऑफ वाइट बेटावर जमली आणि दोन-तीन दिवस बेट पालथं घातलं. म्हणजे हा नकाशा मुळात सायकलवाल्यांनीच काढलाय म्हणा ना. गार्मिनच्या यंत्रातला नकाशाचा साचा कंपनीने खुला केलेला नव्हता. स्वयंसेवकांनी त्या फायली उलगडून तो समजून घेतला आणि ओपनस्ट्रीटमॅपवरून तशा फायली बनवणारे प्रोग्राम लिहून फुकट दिले. म्हणून आपलं अर्ध्या तासात झालं.

आता कृती सांगते. आधी यंत्रात नकाशा दाखवायची सोय आहे ना ते बघा, साध्या यंत्रांत नसते. मग बीबीबाइकच्या संकेतस्थळावर सिंगापूरभोवती चौकट आखा, प्रकार 'गार्मिन' निवडा, ईमेल द्या. थोड्या वेळाने फाईलचा दुवा येतो. यंत्र केबलने संगणकाला जोडा. आत 'गार्मिन' नावाचा फोल्डर दिसेल. पहिलं काम म्हणजे त्यातल्या सगळ्या फायलींची प्रत संगणकावर ठेवा. हे विसरू नका! उतरवलेली फाईल उघडून त्यातली 'आयएमजी' शेवटाची फाईल या फोल्डरमध्ये टाका. तिला 'सिंगापूर' असं इंग्रजी अक्षरांत नाव द्या, म्हणजे जुनी फाईल पुसली जाणार नाही. फार जुन्या यंत्रांना मात्र 'जीमॅपसप' हेच नाव लागतं. केबल नीट सोडवा, यंत्र सुरू करा, नकाशाच्या सेटिंगमध्ये नवा नकाशा चालू आणि बाकीचे बंद करा. वाट काढण्याच्या पर्यायात 'सायकल' निवडलंय ना तेही पाहा, कारण पीआयईवर सायकल न्यायला बंदी आहे. पहिल्या दिवशी कालांग नदीच्या काठाने जाऊन या. नकाशातली रेघ आणि पायाखालची वाट जुळताना बघून मुलं जाम खूश होतात.

इथपर्यंत सगळं छान. खरी गोष्ट घडली गेल्या डिसेंबरात.

आम्ही सिंधुदुर्गात सासरी गेलो होतो. मुलाने हौसेने महाराष्ट्राचा नकाशाही टाकून आणला होता. गावात यंत्र सुरू केलं आणि पुन्हा तोच करडा रंग. डांबरी रस्त्याची एक रेघ, तीही अर्ध्यात संपलेली. वाडी नाही, वहाळ नाही, देऊळ नाही. तो सासऱ्यांना म्हणाला, "आबा, तुमचं गाव नकाशात नाहीच आहे." ते यंत्राकडे बघून म्हणाले, "ही पाणंद माझ्या आज्याच्या येळेपासून आसा. तुझ्या मशिनीत नाय?"

त्यांना आता फार चालवत नाही. तरी काठी घेऊन निघाले. पाणंदीने देवळापर्यंत, तिथून वहाळावरच्या साकवापर्यंत, मग सड्यावर. नातू सायकल हातात धरून बाजूला, यंत्र चालू. वाटेत आबा एकेका जागेचं नाव सांगत होते. त्यातली निम्मी मी लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती. सातबारावर ती नाहीत, माझ्या नवऱ्यालाही सगळी माहीत नाहीत. आबांच्या वयाची दोन-तीन माणसं गेली, की ती नावं सांगणारं कोणी उरणार नाही. तेव्हा मला त्या मोठ्या मोजणीतले खलाशी आठवले. हजारो लोकांनी थिओडोलाइट वाहिलं, झेंडे धरले, हिवतापाने मेले. नकाशावर त्यांचं नाव नाही.

रात्री पडवीत बसून मुलाने उमटलेली रेघ संगणकावर चढवली आणि तिच्यावर पाणंद काढली. देवळाचं नाव मराठी नावाच्या रकान्यात देवनागरीत लिहायचं होतं. त्याला एक जोडाक्षर जमेना, आबांनी कागदावर काढून दाखवलं. मराठीच्या वर्गाला जायला कुरकुरणारा मुलगा तेवढं शिकला.

तुम्ही करणार असाल तर चार गोष्टी सांभाळा. खातं तुमच्या नावाने उघडा, मुलाच्या नको. मुलांच्या रोजच्या फेऱ्यांच्या रेघा जगजाहीर करू नका आणि कुठलीही रेघ चढवायच्या आधी घराजवळचा तुकडा कापा. दुसऱ्या कुठल्या नकाशावरून नक्कल करायची नाही, स्वतः चाललेलं आणि गावात विचारून खात्री केलेलंच लिहायचं. आणि कोणाच्या खासगी आवारातली वाट असेल तर आधी त्यांना विचारा.

महिन्याभराने इथे तोआ पायोहमध्ये मुलाने नकाशा पुन्हा उतरवला आणि यंत्रात टाकला. करड्या रंगात एक बारीक तुटक रेघ होती, देवळापर्यंत गेलेली. नाव मात्र दिसेना, त्या जुन्या यंत्रात देवनागरी अक्षरंच नाहीत. संगणकावर दिसतं. आबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ते म्हणाले, "साकव खंय गेलो?" साकव राहिलाच होता. जूनच्या सुट्टीत काढायचाय.

तुमच्या गावाचं बघा. नकाशा उघडा, गाव शोधा आणि तिथे काय काय नाही ते आजी-आजोबांना फोन करून विचारा. काय सापडलं ते खाली नक्की लिहा, आणि यंत्रात फाईल टाकताना कोणाचं अडलं तर विचारा. शनिवारी संध्याकाळी मी मोकळी असते.