पोटाचं आधी ऑपरेशन झालं असेल, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येते का?

सिझेरियन झालेल्या बाईला पित्ताशयात खडे निघाले किंवा अपेंडिक्स काढलेल्या माणसाला हर्निया झाला, की घरात पहिला प्रश्न हाच येतो. बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं, मात्र त्यासाठी तयारी जास्त लागते.

१९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतोन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली ही अशी पहिली शस्त्रक्रिया होती. जगभरात त्या सुरुवातीच्या काळात, आधी पोट उघडलेल्या रुग्णांवर दुर्बीण वापरणं डॉक्टर टाळत असत. अनुभव आणि साधनं वाढली, तशी ही भूमिका बदलली.

अडचण नेमकी काय असते?

पोट उघडल्यानंतर जखम भरताना आत चिवट पापुद्रे तयार होतात. त्यामुळे आतडी एकमेकांना किंवा जुन्या टाक्यांच्या मागे पोटाच्या भिंतीला चिकटू शकतात. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली जाते. त्यासाठीचं पहिलं छिद्र चिकटलेल्या आतड्यावर पडलं, तर आतड्याला इजा होते. बेंबीखालच्या उभ्या, लांब छेदानंतर हा धोका जास्त असतो. अपेंडिक्सच्या लहान छेदानंतर तो सहसा कमी असतो.

डॉक्टर काय काळजी घेतात?

पहिलं छिद्र जुन्या व्रणापासून दूर घेतलं जातं. अनेकदा ते डाव्या बरगड्यांच्या खाली असतं. काही वेळा लहान छेद देऊन, आत डोळ्यांनी पाहूनच नळी घातली जाते. पापुद्रे कापायचे असतील, तर वेळ जास्त लागतो.

आत फारच चिकटलेलं दिसलं, तर पोट उघडावं लागतं. हे अपयश नसून रुग्णाच्या सुरक्षेसाठी घेतलेला निर्णय असतो. त्याची शक्यता आधीच समजून घ्यावी आणि संमतीपत्र वाचूनच सही करावी.

रुग्णाने काय करावं?

भिवंडी तालुक्यातल्या कोनसारख्या गावातून कल्याण, ठाणे किंवा मुंबईला जाताना जुनं डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावं. नव्या डॉक्टरांना बाहेरचा व्रण दिसतो, पण आत काय केलं होतं ते कागदावरूनच कळतं. सिझेरियन, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, पोटात बसवलेली जाळी, पू किंवा क्षयरोग यांपैकी काहीही झालं असेल तर सांगावं. ‘जुनी गोष्ट आहे’ म्हणून वगळू नये. अशा किती रुग्णांवर आपण दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली आहे, हेही डॉक्टरांना विचारावं.

घरी आल्यावर

दुखणं दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. ते वाढत असेल, ताप, सतत उलट्या, पोट फुगणं किंवा छातीत धडधड होत असेल, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. आतड्याची इजा कधीकधी काही दिवसांनी लक्षात येते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.