बर्नार पालिसी : परातीत ओढा उतरवणारा कुंभार

मातीचे भांडे आपल्या सर्वांच्या ओळखीचे. कुंभार माती मळतो, चाकावर घडा उठवतो, आवा लावतो. आणि आवा निवल्यावर राख बाजूला सारतो, तेव्हाच काय साधले नि काय फुटले ते त्याला कळते. सोळाव्या शतकात फ्रान्स देशात या मातीने एका माणसाला अक्षरशः वेड लावले. त्याचे नाव बर्नार पालिसी. मातीत निसर्गाचे हुबेहूब रूप उतरवणारा कारागीर म्हणून कलेच्या इतिहासात त्याचे नाव आहे आणि झऱ्यांच्या पाण्याचे मूळ सांगणारा म्हणून विज्ञानाच्या इतिहासातही आहे. ही दोन कामे एकाच माणसाच्या हातून कशी झाली, ते पाहू या.

पालिसीचा जन्म १५१० च्या सुमाराचा. काचेवर रंगकाम करणे हा त्याचा मूळचा धंदा. १५३९ च्या सुमारास पश्चिम फ्रान्समधल्या सँत या गावी तो संसार थाटून राहिला. तेथे एकदा त्याच्या पाहण्यात झिलई दिलेला एक सुरेख मातीचा पेला आला. झाले! असली झिलई आपल्याला साधलीच पाहिजे, असे त्याने मनाशी घेतले. मौज अशी की, मातीकामाचा त्याला गंधही नव्हता. पांढरी झिलई हा बाकी सर्व झिलयांचा पाया, असे धरून तो शोधाला लागला. कथील, शिसे असे जिन्नस कुटावेत, खापऱ्यांवर लावावेत, भट्टीत घालावेत आणि निराश होऊन बाहेर काढावेत, असे वर्षानुवर्षे चालले. मधून मधून मिठागरांच्या मोजणीसारखे काम मिळे, तेव्हा घरात चार पैसे येत.

अखेर एका खेपेला भट्टी पेटून कितीतरी दिवस झाले, तरी झिलई वितळेना. सरपण संपले. तेव्हा त्याने बागेतले खुंट जाळले, मग घरातली मेजे आणि शेवटी जमिनीच्या फळ्या उखडून भट्टीत घातल्या. हा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. शेजारी म्हणत, हा खोटी नाणी पाडत असला पाहिजे. कोणी म्हणत, याला वेड लागले.

चिकाटीचा धडा म्हणून ही गोष्ट मुलांना सांगतात. सांगावी, पण अर्धीच सांगू नये. त्या फळ्या एकट्या पालिसीच्या नव्हत्या. त्या घरात त्याची बायको होती, मुले होती. घरी आपल्याला दोन गोड शब्द मिळाले नाहीत, अशी तक्रार तो करतो. पण चूल अडली असता बाईने गोड शब्द आणावे कोठून? त्याच्या कीर्तीची किंमत त्याच्या घरानेही मोजली आहे.

पुढे त्याने जी भांडी घडवली, ती पाहून लोक थक्क झाले. लांबट परातीच्या मध्यावर वेटोळे घातलेला साप, भोवती वाहते पाणी, त्यात मासे. काठावर बेडूक, पाली, शंखशिंपले आणि नेच्याची पाने. पाहणाऱ्याला वाटावे, ओढ्याचा एक तुकडाच उचलून आणला आहे. सापाचे खवले नि पानाच्या शिरा बोटांना लागतात. याचे कारण असे, की तो पुष्कळदा खऱ्या प्राण्यांवरूनच साचे घेई. मेलेला प्राणी नीट मांडून त्यावर प्लास्टर ओतायचे आणि त्या साच्यात माती दाबायची. राणी कातरीन द मेदिची हिने आपल्या पॅरिसच्या बागेसाठी त्याच्याकडून अशाच कामाची एक गुहा करवून घेतली. ती गुहा आज नाही. पण १९८० नंतरच्या दशकात लूव्र राजवाड्याजवळ खोदकाम झाले, तेव्हा त्याच्या भट्टीचे अवशेष आणि साचे हाती लागले.

आता खरा मुद्दा. साचा घ्यायचा तर वस्तू नुसती पाहून भागत नाही, ती उलटीसुलटी करून पाहावी लागते. शिंपल्यांशी असा परिचय झालेल्या पालिसीला डोंगरातल्या दगडात शिंपले दिसले, तेव्हा ते निसर्गाचे गंमतीचे खेळ आहेत, हे पंडितांचे म्हणणे त्याला पटेना. हे एके काळी जिवंत प्राणी होते, असे त्याने सांगितले. तसेच झऱ्यांचे. समुद्राचे पाणी जमिनीखालून चढून झऱ्यांत येते, असे तेव्हा पुष्कळ विद्वान मानीत. पालिसी म्हणाला, छे! पाऊस पडतो, जमिनीत मुरतो, खाली घट्ट थर लागला की थांबतो आणि वाट मिळेल तेथे बाहेर येतो. तुमच्या विहिरीला पाणी का येते, याचे उत्तर आजही हेच आहे.

१५७५ पासून पॅरिसमध्ये तो फी घेऊन व्याख्याने देऊ लागला. माझे म्हणणे खोटे ठरवा नि चौपट पैसे परत न्या, अशी त्याची जाहिरात होती. लॅटिन-ग्रीक आपल्याला येत नाही, हे तो उघड सांगे. १५८० साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात दोन पात्रे बोलतात : एक ‘उपपत्ती’, दुसरे ‘अनुभव’. उपपत्ती प्रश्न विचारते, अनुभव उत्तर देतो.

शेवट दुःखाचा झाला. तो प्रॉटेस्टंट पंथाचा होता आणि तो काळ धर्मयुद्धांचा. म्हातारपणी त्याला कैद झाली आणि १५९० च्या सुमारास बास्तीयच्या तुरुंगात तो मरण पावला.

शिक्षक बंधूंनो, जळालेल्या फळ्यांची गोष्ट वर्गात सांगाल, तेव्हा पुढची गोष्टही सांगा. मुलांना एखादे नेच्याचे पान आणायला लावा, ओल्या मातीवर दाबून उचलायला सांगा आणि शिरा मोजू द्या. हट्टाने पालिसीला झिलई मिळाली. पण झऱ्याचे मूळ त्याला सापडले ते अशा पाहण्यामुळे.