साठ मोटारी, चालू फक्त चार

१/
६ एप्रिल १९६७. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात मुकर्रम जाह आठवे निजाम म्हणून गादीवर बसले. समारंभानंतर नव्या निजामाला घेऊन जाणारी मोटार ऐनवेळी बंद पडली. त्या वेळी त्यांच्या मोटारखान्यात सुमारे साठ मोटारी होत्या. त्यांपैकी चालू स्थितीत होत्या फक्त चार.

२/
हा प्रसंग विनोद म्हणून सांगितला जातो. परंतु नांदेड आणि लातूरच्या वाचकाने तो जरा गंभीरपणे वाचावा. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. लातूर ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते, त्यातील मोठा मुलूख ‘सर्फ-ए-खास’ होता. म्हणजे त्याचा महसूल राज्याच्या तिजोरीत न जाता थेट निजामाच्या खाजगी खजिन्यात जमा होई. कोठीत गंजत गेलेल्या वैभवात बालाघाटाच्या ज्वारी-कापसाचाही वाटा होता.

३/
या कथेचा आरंभ १९११ मध्ये होतो. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी इंग्लंडहून रोल्स-रॉइस ‘सिल्व्हर घोस्ट’ मागवली. सांगाडा आणि इंजिन रोल्स-रॉइसचे, वरची बांधणी बार्कर या गाडीकारांची. रंग पिवळा आणि मागे सिंहासनासारखे उंच आसन. त्याच वर्षी महबूब अली खान वारले. गाडी पोहोचली ती सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत. पुढील अनेक दशकांत ती फारच थोडी धावली.

४/
ही गाडी चालवण्यासाठी नव्हतीच. ती दिसण्यासाठी होती. अंबारी जशी हत्तीवर, तसे हे सिंहासन इंजिनावर. अंबारीत बसणाऱ्याला हत्तीचा आजार कळावा अशी अपेक्षा नसते. ते माहुताचे काम.

५/
युरोपातही याहून फार वेगळे नव्हते. ‘शोफर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टीत इंधन घालणारा. प्रारंभीच्या मोटारीला चालक आणि कारागीर एकाच माणसात लागे. म्हणूनच रोल्स-रॉइसने डर्बी येथे शोफरांसाठी शिक्षणवर्ग चालवले. मालकाला यंत्र कळणार नाही, हे निर्मात्याने गृहीतच धरले होते. फरक इतकाच की तिकडे कारखाना एका दिवसाच्या अंतरावर होता आणि इकडे समुद्रापार.

६/
मग मराठवाड्यात यंत्राचे ज्ञान आले कोठून? राजवाड्याच्या मोटारखान्यातून नव्हे. ते आले रुळांवरून. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज मार्गाने नांदेड जोडले गेले. १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी लातूरपर्यंत आली. पूर्णा आणि कुर्डुवाडी ही रेल्वेची गावे बनली. पुढे नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. ही यंत्रे रोज चालत, म्हणून रोज बिघडत, आणि म्हणून ती दुरुस्त करणारे हात इथेच तयार होत गेले.

७/
एखाद्या लातूरच्या व्यापाऱ्याने विलायती मोटार घ्यायची म्हटले, तर खर्चाची साखळी लांब होती. मुंबई बंदरात ब्रिटिश हिंदुस्थानची जकात. पुढे निजामाच्या हद्दीत ‘करोडगिरी’, सामान्यतः शेकडा पाच. मोटार येई तोही मार्ग हाच आणि तुटलेल्या भागाच्या जागी नवा भाग येई तोही हाच. अशा वेळी नवा भाग मागवण्यापेक्षा जुना घडवून, घासून, झाळून पुन्हा बसवणारा मिस्त्री मालकाला अधिक मोलाचा ठरणे स्वाभाविक होते.

८/
आता त्याच राज्यातील दुसरे चित्र पाहा. १९३० मध्ये निजाम सरकारने कंपनीकडून रेल्वे विकत घेतली. १९३२ मध्ये याच रेल्वेने रस्ते-वाहतूक विभाग सुरू केला. आरंभी २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. गाड्या स्कॉटलंडच्या ‘आल्बियन’ बनावटीच्या, म्हणजे याही परदेशीच. तरीही त्या धावल्या, कारण त्यांच्यामागे रेल्वेची शिस्त होती: कार्यशाळा, सुट्या भागांचा साठा, ठरलेली तपासणी आणि नोंदवही.

९/
राज्य एक, काळ एक, यंत्रे दोन्हीकडे विलायती. एका ठिकाणी यंत्राची मालकी होती, दुसऱ्या ठिकाणी यंत्राची व्यवस्था होती.

१०/
उभी गाडी अधिक टिकते, हा समज चुकीचा आहे. टाकीतले पेट्रोल हळूहळू चिकट होते आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवते. एकाच जागी भार पेलून टायर चपटतात, त्यांना भेगा पडतात. रबरी वायसर सुकतात, बॅटरी उतरते, ब्रेकच्या नळ्यांत गंज धरतो. वापराने यंत्र झिजते हे खरे. परंतु दुर्लक्षाने ते आतून मरते, आणि बाहेरचा रंग मात्र चकाकत राहतो. ज्याला आतले कळत नाही, त्याला गाडी गेल्याचे कळते ती चावी फिरवल्यावर.

११/
बाहेरची परिस्थितीही प्रतिकूल होत गेली. १९४७-४८ मध्ये हैदराबादची आर्थिक कोंडी झाली आणि पेट्रोलचा तुटवडा जाणवू लागला. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने राज्य भारतात विलीन झाले. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास संपले. आयातीवर निर्बंध आले. १९२८ पासून मुंबईत शिवडीला मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५० च्या दशकात ते काम थांबवले. जुन्या परदेशी मोटारींना सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले.

१२/
२४ फेब्रुवारी १९६७ रोजी मीर उस्मान अली खान वारले. १९३७ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर जगातील सर्वांत श्रीमंत म्हणून झळकलेला हा माणूस. नातवाच्या वाट्याला चौदा हजारांहून अधिक नोकर व आश्रित आले आणि त्या साठ मोटारीही. इतक्या माणसांच्या त्या संसारात छप्पन्न गाड्या बंद होत्या. उणीव माणसांची नव्हती. गाडी चालू राहणे हे नेमके कोणाचे काम, याचे उत्तर तिथे हरवले होते.

१३/
आणि दैवाची थट्टा अशी की आठव्या निजामाला यंत्रांचेच वेड होते. इंजिने उघडून बसण्यात त्यांना दरबारापेक्षा अधिक रस. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. पुढे ते पश्चिम ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांच्या कुरणावर रमले आणि तिथे स्वतः बुलडोझर चालवत. त्या घराण्यात यंत्र कळणारा मालक आला तो राज्य, महसूल आणि अखेर घरही सुटत असताना.

१४/
बसगाड्यांची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढे महाराष्ट्रात. आणि इथली सरकारी बस एसटीची झाली. आगारात रात्री खड्ड्यात उतरून गाडीखालून पाहणारा कारागीर कोणत्याही गाडीचा मालक नव्हता. सकाळी गाडी सुटे ती त्याच्या हातामुळे.

१५/
ती पिवळी सिल्व्हर घोस्ट आज चौमहल्ल्यात दुरुस्त होऊन उभी आहे आणि लोक तिच्यासमोर छायाचित्रे काढतात. तिच्याखाली मागवणाऱ्याचे नाव सापडते. ती पुन्हा चालती करणारे हात इतिहासात सहसा बिननावाचेच राहतात. नांदेड-लातूरच्या रस्त्यावरील कोणत्याही जुन्या गॅरेजात कानाने इंजिनाचा दोष ओळखणारा एखादा वृद्ध उस्ताद भेटला, तर त्याची माहिती लिहून ठेवावी. मराठवाड्याच्या यंत्रयुगाचे दफ्तर त्याच्याकडे आहे.

(समाप्त)