अमेरिकेतील ट्रकचालक आणि भाडे-खरेदी करार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
अमेरिकेत १९८० च्या मोटर कॅरियर कायद्याने मालवाहतुकीवरील सरकारी नियंत्रण शिथिल झाले. स्पर्धा वाढली, दर घसरले आणि अनेक कंपन्यांनी ट्रकच्या खर्चाचा भार चालकांवर टाकला. भाडे-खरेदी करार हे त्याचे प्रमुख साधन ठरले. या करारान्वये चालक बहुधा कंपनीकडूनच ट्रक घेतो. हप्ता, इंधन व दुरुस्तीचा खर्च त्याच्या मिळकतीतून वजा होतो. मात्र माल देणे वा न देणे कंपनीच्याच हाती राहते. काम घटले की हप्ता थकतो आणि भरलेल्या रकमेसह ट्रकही हातचा जातो. केंद्रीय अभ्यासगटाने जानेवारी २०२५ मध्ये अशा करारांवर बंदीची शिफारस केली. सारांश, नियंत्रणाविना मिळालेली मालकी ही वस्तुतः जोखमीचीच मालकी ठरते.